अर्ध्या सेकंदाचं गिराण

(गोवंडीच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. मोबाइलवर टेप करून उतरवून घेतलं आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला सांगितलंय की अर्धा तास बोला. विषय आहे अर्ध्या सेकंदाचा. अंतराळातलं एक स्टेशन सूर्याच्या तबकडीवरनं आडवं जातं, काळं, एवढुसं, आणि आपण पापणी मिटून उघडेपर्यंत गेलेलं असतं. तेवढ्यासाठी गेल्या मार्चात आपली पंधरा पोरं-पोरी भर दुपारी डोक्यावर टॉवेल टाकून एका गच्चीवर दीड तास उभी होती. मागल्या बैठकीत एका मित्रानं मला तोंडावर विचारलं, "काका, इथं नळाला तीन दिवस पाणी नाही आणि तुम्ही सूर्यावर काय चाललंय ते बघताय?" प्रश्न बरोबर आहे. मी तो टाळणार नाही. नळाच्या मोर्च्याला मी असणारच आहे, पण सूर्याचं उत्तर द्यायला मला १९७९ सालापर्यंत मागं जावं लागेल.

आधी एक सांगतो. मी शास्त्रज्ञ-बिस्त्रज्ञ नाही. मी वेल्डर. आयुष्य ठिणग्यांपुढं गेलं. उजेडाकडं कसं बघायचं आणि कसं बघायचं नाही, हा माझ्या पोटाचा प्रश्न होता. आणि तरीही माझ्या डाव्या डोळ्यात एक डाग आहे. तो वेल्डिंगचा नाही. तो सूर्याचा आहे.

१९७९ चा जुलै. मी चौदा वर्षांचा. वस्तीत एकच बोंब, स्कायलॅब पडणार! अमेरिकेनं १९७३ च्या मे महिन्यात वर सोडलेली ती प्रयोगशाळा, पाऊणशे टनांहून जड. माणसं तिच्यात राहून आली, १९७४ च्या फेब्रुवारीत शेवटची तुकडी उतरली, मग ती रिकामी फिरत राहिली आणि आता खाली येत होती. कुठं पडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीत एकानं उधारीवर कोंबडी आणली, म्हणाला, मरायचंच आहे तर खाऊन मरू. आमच्या बापानं घराच्या पत्र्यावर दोन पोती टाकली. अमेरिकेचे पाऊणशे टन, आणि बापाची दोन पोती! शेवटी ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या ओसाड भागात तुकडे होऊन पडली. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावानं अमेरिकेच्या अंतराळखात्याला उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोकला. डम्पिंगच्या कडेला राहणाऱ्या माणसांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. कचऱ्याचा दंड नासालाही होऊ शकतो.

स्कायलॅब का पडली, हे मला फार उशिरा कळलं. ती सूर्यानं पाडली. सूर्य सारखा एकाच मूडमध्ये नसतो. साधारण अकरा वर्षांचा त्याचा फेरा असतो. तो खवळला की आपलं वरचं वातावरण तापतं, फुगतं, वर वर जातं. तिथं फिरणाऱ्या यानाला मग हवेचा घासा बसतो, त्याचा वेग खातो आणि ते खाली येतं. १९७९ ला सूर्य खवळलेला होता. तिला वर ढकलायला जे शटल यान जायचं होतं ते वेळेवर तयार झालं नाही. हे लक्षात असू द्या, आपल्या गच्चीवरच्या गोष्टीत हाच सूर्य पुन्हा आडवा येणार आहे.

पुढच्याच वर्षी, १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सूर्यग्रहण. कर्नाटकात, आंध्रात खग्रास, मुंबईत खंडग्रास. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडक्या बंद, दारं बंद, बायका पोटुशा असतील तर कोपऱ्यात बसवलेल्या. एवढी मोठी मुंबई, आणि एक आग्यामोहोळ उठल्यासारखी घरात शिरून बसलेली. देवळातला माणूस म्हणत होता, बघू नका, विटाळ होईल. शिकलेला माणूस म्हणत होता, बघू नका, आंधळे व्हाल. दोघांची कारणं वेगळी, हुकूम एकच. कसं बघायचं हे आमच्या गल्लीत येऊन कुणीही सांगितलं नाही.

मी पंधरा वर्षांचा. मला 'नको' म्हटलं की झालंच! एक फुटकी काच घेतली, मेणबत्तीवर धरून काजळी चढवली आणि पत्र्यावर जाऊन बसलो. दिसला. चावा घेतलेल्या भाकरीसारखा सूर्य. काय सांगू, अंगावर काटा आला. मी बघतच राहिलो. डावा डोळा उघडा, उजवा मिटलेला. जराही दुखलं नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखायची नसच नसते, हे मला पुढं सरकारी दवाखान्यात सांगितलं. तेव्हा आपल्याला वाटतं, सोसतंय, म्हणजे चालतंय. दुसऱ्या दिवशी शाळेत पुस्तक उघडलं तर डाव्या डोळ्याला जे अक्षर वाचायला जावं तेच गायब. आजूबाजूची दिसतात, नेमकं मधलं नाही. औषध नव्हतं. आजही त्याला हमखास असं औषध नाही. काहींचं काही महिन्यांत आपोआप निवळतं. माझं अर्धं निवळलं, अर्धं राहिलं. शेंगदाण्याएवढा डाग. मी आत्ता उजवा डोळा झाकून या मित्राकडं बघितलं तर त्याचं नाक मला दिसत नाही.

तर मित्रा, हे माझं उत्तर आहे. 'बघू नका' म्हणणारे दोन्हीकडून आले आणि रीत कुणी दिली नाही, त्याची किंमत पंधरा वर्षांच्या पोरानं भरली. मला गच्चीवर पोरं न्यायची होती ती रीत देण्यासाठी. नळाचं पाणी महत्त्वाचं आहे आणि हेही आहे. दोन्ही आपल्यापर्यंत येता येता अडवलं जातं.

आता स्टेशनाकडं येऊ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. अमेरिका, रशिया, युरोप, जपान, कॅनडा यांनी मिळून बांधलेलं. पहिला तुकडा नोव्हेंबर १९९८ मध्ये वर गेला आणि २ नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशु शुक्ला अठरा दिवस तिथं राहून आले. लांबी १०९ मीटर, वजन चारशे टनांच्या वर. साधारण ४२० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं पळतं. इथून व्हीटीला पोचायला त्याला दोन सेकंद पुरेत. आपल्याला हार्बरवर किती लागतात ते तुम्हाला माहीतच आहे. दीड तासात पृथ्वीला एक चक्कर. तिथल्या माणसाला दिवसात सोळा वेळा सूर्य उगवताना दिसतो.

संध्याकाळी किंवा पहाटे ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तेजस्वी ठिपका, न लुकलुकता सरळ जाणारा. विमान समजून सोडून दिलं असेल. दिवसा मात्र ते दिसत नाही. असतं डोक्यावर, पण उजेडात बुडालेलं. दिवसा ते साध्या माणसाला दिसायचं म्हणजे सूर्यासमोरून किंवा चंद्रासमोरून जाताना. मग ते काळं दिसतं. पुस्तकात याला अधिक्रमण म्हणतात. शुक्राचं अधिक्रमण २००४ च्या जूनमध्ये झालं होतं, पुन्हा २०१२ च्या जूनमध्ये. आता थेट २११७ सालीच. तेव्हा सूर्यावर शुक्र जेवढा दिसत होता, जवळजवळ तेवढंच हे स्टेशन डोक्यावर असताना दिसतं, सूर्याच्या रुंदीचा पस्तिसावा हिस्सा. शुक्र म्हणजे जवळपास पृथ्वीएवढा ग्रह आणि हे १०९ मीटरचं लोखंड-ॲल्युमिनियम. पण तो चार कोटी किलोमीटरवर आणि हे चारशेवर. शुक्राला सूर्य ओलांडायला सहा तास लागले. याला अर्धा सेकंद. सूर्य खाली कललेला असेल तर स्टेशन आपल्यापासून लांब असतं, मग ते बारीक दिसतं आणि एखादा सेकंद घेतं. बस्स.

ग्रहणाचा चष्मा लावून हे दिसेल का, असं एका पोरीनं विचारलं होतं. नाही दिसणार. आपल्या डोळ्याची पोच जिथं संपते तिथंच ते आहे, आणि वर त्याची घाई. मोठं करून बघावं लागतं. आणि मोठं करायचं म्हणजे दुर्बीण, आणि दुर्बीण आणि सूर्य म्हणजे डोळ्याशी खेळ. म्हणून रीत.

पण रीतीच्या आधी जागा. हे अख्ख्या मुंबईला एकदम दिसत नाही. जिथून बघितल्यावर स्टेशन बरोब्बर सूर्यावर येतं अशी जमिनीवर एक पट्टी असते, सूर्य डोक्यावर असताना जेमतेम चार-पाच किलोमीटर रुंद. ती पट्टीही स्टेशनाच्या वेगानं पळत असते. मधल्या रेषेवर उभं राहिलात तर ते सूर्याच्या पोटातून जातं, कडेला उभं राहिलात तर नुसतं कडेला चाटून. आणि ही पट्टी घरं विचारत नाही. नकाशावर आम्ही पाहिलं तर आमची रेष डम्पिंगच्या डोंगरावरून, झोपड्यांवरून, खाडीवरून सरळ वाशीकडं गेलेली. मलबार हिलवर त्या दिवशी काहीही नव्हतं! पोरं यावर जाम खूश.

रेष कुठली, वेळ कुठली, हे आता मोबाइलवर मिळतं. ट्रान्झिट फाइंडर नावाचं एक संकेतस्थळ आहे, आपली जागा टाका, ते पुढच्या महिन्याभरातलं दाखवतं. आम्ही डिसेंबरात पहिल्यांदा गेलो तेव्हा हे आकडे चार दिवस आधी उतरवून घेतले आणि पुन्हा बघितले नाहीत. चेंबूरला एका मैदानात बसलो, वेळ आली, वेळ गेली, कागदावर कोरा सूर्य. पोरं माझ्याकडं बघतायत, मी घड्याळाकडं. चूक माझी. ते स्टेशन रुळावरून धावत नाही. मघाशी सांगितलं तो हवेचा घासा त्याला रोज बसतो. सूर्य किती खवळलाय त्यावर तो कमी-जास्त होतो, आणि २०२४ पासून सूर्य चांगलाच खवळलेला होता. शिवाय ते खाली घसरतं म्हणून अधूनमधून इंजिन पेटवून त्याला वर ढकलतात. त्यामुळं चार दिवसांत वेळ काही सेकंदांनी सरकते. इकडं तेवढ्यात पृथ्वीही सरकते, आणि आपली रेष दोन-चार किलोमीटर पलीकडं जाऊन बसते. ज्या सूर्यानं स्कायलॅब पाडली त्यानंच आमचा डिसेंबर पाडला. आकडे आदल्या रात्री बघायचे, सकाळी पुन्हा बघायचे. शिळे आकडे नको.

ही कला ज्यानं खरी कमावली तो एक फ्रेंच इंजिनिअर आहे, तिएरी लेगो. १७ सप्टेंबर २००६ ला ॲटलांटिस शटल या स्टेशनपासून सुटलं आणि त्यानंतर पन्नास मिनिटांनी, फ्रान्समधून, त्यानं दोन्ही एकाच वेळी सूर्यावर टिपली. स्टेशन आणि शेजारी वेगळं पडलेलं शटल. सेकंदाचा आठ हजारावा हिस्सा एवढाच वेळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा. मे २००९ मध्ये तो अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. तेव्हा ॲटलांटिस हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला निघालं होतं, हबलची ती शेवटची दुरुस्ती. १३ मे ला शटल हबलच्या जवळ पोचत असतानाच दोघं सूर्यावरून गेली. शटल ३७ मीटर, हबल १३ मीटर, सहाशे किलोमीटर उंचीवर. ०.८ सेकंदाचा खेळ. त्या फोटोत हबल म्हणजे केसातली लीख वाटावी एवढी आहे. पण ती हबल आहे. मला तो फोटो बघून हसू आलं आणि जरा भीतीही वाटली. एवढ्या मोठ्या आगीपुढं दोन चिमण्या, आणि एकीत सात माणसं बसलेली.

पण माझा आवडता फोटो तिसरा. ४ जानेवारी २०११, खंडग्रास ग्रहण. तो त्यासाठी ओमानला, मस्कतजवळ गेला. फोटोत सूर्याला चंद्रानं घेतलेला चावा आहे, सूर्यावरचे डाग आहेत आणि मधून हे स्टेशन चाललंय. ०.८६ सेकंद. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या पुढं, सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर, स्टेशन काही शे किलोमीटरवर, तिन्ही एका ओळीत. लोकांना हे नशीब वाटतं. यात नशीब नाही, कष्ट आहेत. नकाशा, घड्याळ, ढग, विमानाचं तिकीट. अर्थात त्याची दुर्बीण आपल्या वर्षाच्या पगाराची असेल, तेही सांगून टाकतो.

आपली दुर्बीण चोरबाजारातली. बायनॉक्युलर, दहापट मोठं दाखवणारी. एका नळीची काच तडकलेली, म्हणून अर्ध्या भावात मिळाली. दुकानदार म्हणाला, चाचा, एक आँख से क्या देखोगे? मी म्हटलं, मला एकच लागते.

रीत अशी. दुर्बिणीतून बघायचंच नाही. कुणीही नाही, क्षणभरही नाही. दुर्बीण सूर्याकडं करायची आणि तिच्या मागं पांढरा कागद धरायचा, त्यावर सूर्य पडतो. एका नळीचं तोंड झाकणानं बंद, दुसरी उघडी. पॅरिसमध्ये गॅसेंडी नावाच्या माणसानं ७ नोव्हेंबर १६३१ ला बुधाचं अधिक्रमण असंच कागदावर पाडून पाहिलं होतं. जगात पहिल्यांदा. केप्लरनं गणित करून तारीख सांगून ठेवली होती, पण तो स्वतः आदल्या वर्षी वारला. तर आपली रीत जुनी आहे, कमी दर्जाची नाही.

सूर्य शोधायला दुर्बिणीच्या पाठी डोळा नेऊ नका. तिची जमिनीवरची सावली बघा. सावली सगळ्यात लहान झाली, नळीचा नुसता गोल उरला, की ती सूर्यावर लागली. मार्चच्या भरदुपारी सूर्य वर असतो, म्हणून आम्ही दुर्बीण तिकाटण्याला सुतळीनं बांधली, तोंड आभाळाकडं, आणि खाली दीड मीटरवर फरशीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात पांढरा कागद. खोकं सावलीसाठी. कागदावर सूर्य आला चौदा सेंटिमीटरचा, छोट्या थाळीएवढा. मग कळतं की सूर्य पळतो! दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, कागदावरून निघून जातो. एक पोरगी सारखी दुर्बीण सरकवायच्या कामावर. एक पोरगं नुसतं राखणीला, लहान मुलं दुर्बिणीच्या मागं डोकं घालू नयेत म्हणून. हे काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते करणाऱ्याला काही दिसत नाही. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मधेमधे उघड्या नळीवरही झाकण टाकायचं, नाहीतर आतली काच तापते, प्लास्टिक वितळतं.

वेळ साडेबाराच्या पुढची. मोबाइलचं घड्याळ इंटरनेटशी जुळवलेलं, एक जण मोठ्यानं सेकंद मोजणार. दुसऱ्याचा मोबाइल कागदावर रोखलेला, स्लो मोशनला लावून. कागदाचं चित्रण करायला मोबाइलला काही होत नाही. सूर्यावर थेट धरू नका.

तेवढ्यात तळमजल्यावरची एक म्हातारी जिना चढून वर आली. काठी टेकत. आम्हाला कागदाभोवती बसलेलं बघून म्हणाली, "गिराण लागतंय का रं?"

आता हा शब्द ऐकून मला माझी आजी आठवली. आमच्या गावात ग्रहण म्हणजे आजीचा कामाचा दिवस. वरच्या आळीतली माणसं पाण्याला न शिवता, उपाशी घरात बसलेली, आणि आमची माणसं पाट्या, फडकी घेऊन दारोदार, दान द्या, म्हणजे गिराण सुटंल, अशी हाक देत. मग जुनं धोतर, शिळा दाणा, असलं काहीबाही पदरात पडायचं. एरवी ज्यांच्या सावलीचा विटाळ, त्यांच्या हाकेनं सूर्य सुटतो, असा हिशेब! आजी त्याची गोष्ट सांगायची. सूर्यानं म्हणे आपल्या माणसाकडून कर्ज घेतलं आणि बुडवलं. आपला माणूस मग वसुलीला त्याच्या दारात उभा राहतो. तो उभा राहिला की अंधार. मी लहानपणी विचारलं होतं, मग कर्ज फिटलं का? आजी म्हणाली, फिटलं असतं तर पुन्हा पुन्हा कशाला लागलं असतं?

हे आम्ही सोडलं, पाट्या टाकल्या, बरं केलं. पण गोष्ट माझ्या डोक्यात आहे, आणि ती खोटी असली तरी तिच्यात हिशेब आहे, हे मी नाकारत नाही.

म्हातारीला सांगितलं, आजी, गिराणच आहे, पण माणसांनी बांधलेल्या घराचं. आत माणसं आहेत, ती सूर्यासमोरून जाणार आहेत. अंधार पडणार नाही. का पडणार नाही ते पोरांना आधी सांगितलं होतं, तुम्हालाही सांगतो. १०९ मीटरच्या वस्तूची दाट सावली तिच्यामागं बारा किलोमीटरच्या आतच निमुळती होऊन संपते. आपण चारशे वीस किलोमीटर खाली. आपल्यापर्यंत पोचतो तो हजारात एका भागाहूनही कमी उजेडाचा फरक. कुणाला कळणार? म्हातारी खोक्यापाशी बसली.

एका पोरानं ओरडायला सुरुवात केली, "आलं! आलं!" सगळे वाकले. तो सूर्यावरचा डाग होता, सकाळपासून तिथंच. केप्लरही १६०७ साली असाच फसला होता, डागाला बुध समजला, तेव्हा आमच्या पोराला कुणी हसू नये. डाग जागचा हलत नाही. दुर्बीण हलली तर तो सूर्याबरोबर हलतो. स्टेशन थांबत नाही.

सेकंद मोजणारा दहावर आला. नऊ, आठ. गच्चीवर शांतता. तीन, दोन, आणि एक म्हणायच्या आत कागदावरून तांदळाच्या कणीएवढं काळं काहीतरी तिरकं सुर्रकन गेलं. एका कडेनं आत, दुसऱ्या कडेनं बाहेर. उरला तोच सूर्य, तोच डाग.

निम्म्यांना दिसलं, निम्म्यांना नाही. ज्यांनी 'दिसलं का' म्हणून शेजाऱ्याकडं बघितलं त्यांचं गेलं. राखणीचा पोरगा दुर्बिणीच्या बाजूला उभा, त्यानं कागदाकडं पाठ केली होती. म्हातारीला दिसलं. ती म्हणाली, "एवढंच? याला कोण दान देणार?"

मोबाइलवर मग सावकाश चालवून पाहिलं. सेकंदाला २४० चित्रं घेतलेली, त्यातल्या दीडशेच्या आत-बाहेर चित्रांत ते आहे. मधला जाडसर भाग आणि दोन बाजूंना पंखासारखं काहीतरी. ते सौर तावदानांचे पंख. ज्या सूर्यापुढनं ते चाललंय त्याचाच उजेड पकडून चालवणारे. फोटो मासिकात छापण्याच्या लायकीचा नाही. राखणीच्या पोरानं तो अकरा वेळा पाहिला, मी मोजलं.

मी काय पाहिलं? मी आधी उजव्या डोळ्यानंच बघायचं ठरवलं होतं. पण ऐन वेळी दोन्ही उघडे राहिले. नंतर करून पाहिलं. उजवा झाकून, डाव्यानं कागदाच्या मध्यावर नजर लावली की माझा शेंगदाणा बरोबर सूर्याच्या पोटावर बसतो. स्टेशन त्याच्या मागून गेलं असतं आणि मला कडांवरच दिसलं असतं, आत जाताना एकदा, बाहेर पडताना एकदा.

आता थोडं कामाचं. काजळीची काच, एक्स-रेची फिल्म, रंगीत गॉगल, पाण्याचं ताट, यातलं काही चालणार नाही. नुसत्या डोळ्यानं सूर्य बघायला वेल्डिंगची काच चालते ती चौदा नंबरची. कारखान्यात सहसा दहा-अकरा असते, ती आणू नका. आणि चौदा नंबर लावून दुर्बिणीत बघितलं तर चालेल का, असं विचारणारा कुणीतरी असतोच. नाही. दुर्बिणीतून थेट बघायचं असेल तर सूर्याची खास फिल्म लागते, लाखात एक भाग उजेड आत सोडणारी, आणि ती सूर्याकडच्या तोंडाला लावायची, डोळ्याकडच्या नव्हे. डोळ्याकडं लावलेली काच तापून तडकते. ती आपल्याकडं नाही. पैसे जमले की आणू. तोवर कागद.

हे स्टेशनही कायमचं नाही. २०३० नंतर ते पाडायचं ठरलं आहे. त्याला ढकलून खाली आणणारं यान बांधायचं काम २०२४ च्या जूनमध्ये स्पेसएक्स कंपनीला दिलं गेलं. या वेळी नेम धरून, दक्षिण पॅसिफिकच्या निर्जन पाण्यात. म्हणजे बापासारखी पत्र्यावर पोती टाकायला नको. चिन्यांचं तियानगोंग स्टेशनही वर आहे, २०२१ पासून, ते लहान आहे, कागदावर अवघड जाईल. पण ते आपल्या डोक्यावरून जातं. करून बघू.

पुढची रेष बघायचं काम त्या सेकंद मोजणाऱ्या मित्राकडं आहे, तो रोज रात्री आकडे बघतो. मानखुर्दकडून गेली तर चालत जाऊ, पनवेलकडं गेली तर गाडीभाड्याला वीस-वीस रुपये काढावे लागतील. दुर्बीण माझ्या खोलीत कपाटावर आहे. ज्याला न्यायची त्यानं दाराशी टांगलेल्या वहीत नाव लिहून न्यावी. झाकणं तीन आहेत, तिन्ही परत आणायची. आणि पुढच्या खेपेला राखणीला मी उभा राहणार आहे, त्या पोराला खोक्यापाशी बसू द्या.